धडे पाहिले, गणित कोण सोडवणार?
एरंडोलच्या पोराने अकरावी विज्ञानाला नाव घातले, की घरात पहिला सवाल जळगावच्या क्लासचा. फी, वर एस.टी.चा पास; कापसाच्या पैशात कसे बसवायचे? केंद्राने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयंप्रभा' वाहिन्यांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे गणित-भौतिकशास्त्राचे पाठ फुकट आहेत, पण बहुतांशी इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेले पोरगे तिथेच अडते. आणि मोबाईलवरच्या बहुतेक धड्यांत मास्तर उदाहरण सोडवून मोकळे होतात. पाहणाऱ्याला वाटते, आले! पेपरात हात चालत नाही. उतरणीवरच्या ठोकळ्यावर बले कोणती, एवढे विचारून थांबणारा धडा शोधावा. नाहीतर आपणच व्हिडिओ थांबवून वहीत आकृती काढावी, मग उत्तर पाहावे. ही निवड एकट्या पोरांवर का? तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी सरावाच्या धड्यांची प्रकरणवार यादी करून फलकावर लावावी. सुरुवात अकरावीच्या पहिल्या दोन प्रकरणांपासून झाली तरी पुरे.