पैसे माझे, पाना कंपनीचा

रोड सायकल बनवणाऱ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत मालकाच्या हातातला पाना काढून घेतला आहे. हे त्यांनी उघडपणे केलं, देखणेपणाच्या नावाखाली केलं, वर त्याचे पैसेही आपल्याकडूनच वसूल केले. मी माझी कार्बन सायकल सुटे भाग आणून स्वतः जोडली आहे आणि ती पुण्याच्या आसपासच्या घाटांत भर पावसातही चालवतो. म्हणून ठामपणे सांगतो: ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या सांध्याच्या, पोटातून नेणारी रचना चालवणाऱ्याच्या मुळावर उठलेली आहे. ती बंद झाली पाहिजे.

कार्बनबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. ग्रेग लेमाँडने १९८६ साली लुक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून या धाग्याने स्वतःला पुरेपूर सिद्ध केलं आहे. राळेत भिजवलेले कार्बनचे पत्रे कारागीर हाताने साच्यात बसवतात, आणि कुठल्या पत्र्याचा धागा कुठल्या दिशेने जातो यावर फ्रेम कुठे ताठ राहणार आणि कुठे लवणार हे ठरतं. जगातल्या बहुतेक नामांकित फ्रेम तैवान आणि चीनमध्ये अशाच हातांनी घडतात. एक किलोच्या आतली ती फ्रेम सिंहगडाच्या उभ्या चढावर पेडलवर उभं राहिलं तरी तसूभर वाकत नाही, आणि खडकवासल्याच्या पुढच्या उखडलेल्या रस्त्यावर कंबरेला हादरे बसू देत नाही. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत सायकलीला मिळालेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे. डिस्क ब्रेकचंही तसंच. वरंधा घाट धो धो पावसात उतरताना जुन्या रिम ब्रेकने चाक थांबेल की नाही हे देवावर सोडावं लागायचं. आता दोन बोटांत सायकल थांबते. टायरही २३ मिलिमीटरवरून २८-३० वर आले, ते आपल्या रस्त्यांसाठी उत्तमच झालं.

सायकल स्वतः जोडण्यात जे सुख आहे ते तयार सायकल घेणाऱ्याला कळणं अवघड आहे. फोर्कची नळी कापायची वेळ येते तेव्हा हात थांबतोच. कार्बन एकदा कापला की जोडता येत नाही. नळीभोवती चिकटपट्टी गुंडाळायची, गाइडमध्ये घट्ट धरायची, बारीक दातांचं पातं घ्यायचं, धूळ उडू नये म्हणून पाण्याचा हात लावत सावकाश कापायचं, मग कडा घासून बंद करायची. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो सांधा, बसवताना उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, हे विसरून जोर लावला तर आटे कायमचे जातात. सीटपोस्टला ग्रीस लावायचं नाही, रवाळ कार्बन पेस्ट लावायची आणि टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलं असेल तेवढंच आवळायचं. बऱ्याच फ्रेमला तो आकडा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हे सगळं करताना आपली सायकल आतून कशी आहे हे माणसाला कळतं. मग ताम्हिणीत कुठून खट्ट आवाज आला की तो कुठला, हे घरी येण्याआधीच ठाऊक असतं. हे ज्ञान मालकाकडे असलं पाहिजे. सुरक्षितपणाचा पहिला भाग तोच आहे.

आता या हेडसेटकडे बघा. पूर्वी ब्रेकच्या नळ्या हँडलबारवरून बाहेरून यायच्या आणि फ्रेमच्या पुढच्या नळीत एका भोकातून आत शिरायच्या. हेडसेटचं वरचं बेअरिंग बदलायचं झालं तर वरची टोपी काढायची, स्टेमचे दोन बोल्ट सैल करायचे, फोर्क खाली सरकवायचा, जुनं बेअरिंग काढून नवं बसवायचं. चहा निवायच्या आत काम व्हायचं. आता त्या नळ्या एकाच तुकड्यात बनवलेल्या हँडलबार-स्टेमच्या आतून, त्या बेअरिंगच्या मधोमध, फोर्कच्या नळीला खेटून खाली जातात. म्हणजे बेअरिंगच्या गळ्यात ब्रेकची नळी अडकलेली. ते काढायचं तर आधी ब्रेक लिव्हरपासून नळ्या सोडवा, त्यांची टोकं कापा, हँडलबार उतरवा, बेअरिंग बदला, नळ्या पुन्हा ओवा, नळीच्या टोकाला नवीन ऑलिव्ह आणि इन्सर्ट घाला, तेल भरा आणि दोन्ही ब्रेक ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा. बेअरिंगची किंमत या मजुरीपुढे काहीच नाही. नळी दोनदा कापली गेली की तिसऱ्या वेळी ती आखूड पडते. मग नवी नळी.

आणि हे बेअरिंग कुठे आहे? अगदी वर, घामाच्या आणि पावसाच्या धारेखाली. नळ्यांना वाट ठेवायची म्हणून वरच्या झाकणाला फटी आहेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सायकल चालवणाऱ्याच्या हेडसेटमध्ये लाल मातीचं पाणी जाणार हे शेंबड्या पोराला कळेल. माझं बेअरिंग पहिल्याच पावसाळ्यात गंजलं. हँडल वळवलं की मधोमध खाच पडल्यासारखं अडकायचं. ज्या मिस्त्रींकडे मी वर्षानुवर्षं जातो, त्यांनी सायकल स्टँडला लावली, टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, एका बेअरिंगसाठी अख्खी सायकल खोलावी लागेल. आणि आतली ही रिंग तुटली तर बाजारात मिळायची नाही.” रिंग तुटली. बाजारात मिळाली नाही. विक्रेत्याकडे नोंदवली, पावसाळा सरला तरी आली नाही. प्लास्टिकचा एक वर्तुळाकार तुकडा नाही म्हणून लाखो रुपयांची सायकल भिंतीला टेकून उभी. मिस्त्रींचा यात काही दोष नाही. ज्याने ही रचना कागदावर काढली आणि ज्याने ती मंजूर केली, त्या दोघांचा आहे.

कंपन्यांचा बचाव वॅटचा असतो. नळ्या लपवल्या की वाऱ्याचा अडथळा कमी होतो, इतके वॅट वाचतात. वाचतात हे खरं. पण हे आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला मोजलेले असतात. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ४५ ला जिथे १० वॅट वाचतात, तिथे ताशी ३० ला ३ वॅटसुद्धा वाचत नाहीत. शिवाय हवेच्या एकूण अडथळ्यातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा चालवणाऱ्याच्या शरीराचा असतो. कोपरं जराशी वाकवून, मान खाली घालून बसलं तर लपवलेल्या नळ्यांपेक्षा जास्त मिळतं, आणि ते फुकट मिळतं.

वजनाचंही गणित करून टाकू, कारण विक्रेते ग्रॅमवर भाव लावतात. पायथ्यापासून सिंहगड साधारण सहाशे मीटरची चढण आहे. माणूस, सायकल, पाण्याची बाटली मिळून ८० किलो धरा आणि २०० वॅटची ताकद धरा. नुसती उंची चढायलाच जवळजवळ चाळीस मिनिटं लागतात. त्यातून पूर्ण एक किलो कमी केलं तर वाचतं अर्धं मिनिट. सायकलीचं एक किलो वजन उतरवायला काही लाख रुपये जातात. ज्याला द्यायचे आहेत त्याने जरूर द्यावेत, पण त्या किलोसाठी आणि त्या तीन वॅटसाठी दुरुस्तीचा हक्क सोडून द्यायचा हा सौदा मला मान्य नाही.

व्यावसायिक शर्यतपटूंचं उदाहरण आपल्या तोंडावर फेकलं जातं. त्यांच्या संघाबरोबर सुट्या भागांनी भरलेला ट्रक असतो, रात्री जागणारे मेकॅनिक असतात, आणि हंगाम संपला की नवी सायकल येते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा घातली, तीही त्यांच्यासाठी. कराडहून कोयनेकडे निघालेल्या माणसाच्या मागे गाडी नसते. त्याच्याकडे जर्सीच्या खिशात ॲलन कीचा एक जुडगा असतो आणि त्याने सुटेल अशीच सायकल त्याला मिळायला हवी.

चुकीची रचना मागे घेता येते, हे या उद्योगानेच दाखवलं आहे. बॉटम ब्रॅकेटचे आटे काढून टाकून बेअरिंग नुसती दाबून बसवायची प्रेस-फिट पद्धत त्यांनी आणली. कारखान्याला सोपी, हलकी. भोक किंचित जरी वाकडं असलं की पेडल मारताना कुरकुर सुरू, आणि ती जाता जात नाही. लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारली. शेवटी २०१५ मध्ये टी-४७ हे आट्यांचं नवं प्रमाण आलं, ट्रेक कंपनीने ते स्वीकारलं, आणि स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० च्या टार्मॅक एसएल-७ ला जुने इंग्लिश आटे परत दिले. मालकांनी दबाव आणला म्हणूनच हे झालं.

त्याच टार्मॅक एसएल-७ ची दुसरी गोष्टही सांगायला हवी. २०२१ मध्ये कंपनीला त्या सायकली परत बोलवाव्या लागल्या, कारण हेडसेटमधल्या कॉम्प्रेशन रिंगमुळे फोर्कच्या नळीला तडा जाण्याचा धोका होता. फोर्कची नळी उतारावर तुटली तर काय होतं हे समजावून सांगायची गरज नाही. हा सगळा प्रकार त्याच बंद कोपऱ्यात, जिथे मालकाची नजर पोचत नाही. २०२३ मध्ये शिमानोने २०१२ ते २०१९ या काळात बनवलेले ११ स्पीडचे क्रँक तपासणीसाठी बोलावले. जगभरात २८ लाखांच्या घरात. दोन भाग चिकटवून बनवलेला हा क्रँक आतून सुटत होता, आणि एकट्या अमेरिकेत असे सुटल्याच्या साडेचार हजारांवर नोंदी होत्या. आतलं बाहेरून दिसत नाही आणि उघडून पाहताही येत नाही, तेव्हा धोका मालकाने पेलायचा आणि सवडीने कंपनीने जाहीर करायचा, अशी ही वाटणी आहे.

इलेक्ट्रॉनिक गिअरबद्दल थोडक्यात. ते उत्तम चालतात. पण शिमानोने २०२१ पासून ड्युरा-एस या आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या १२ स्पीड संचात तारेचा पर्यायच ठेवला नाही, ही दादागिरी आहे. त्याच कंपनीने २०२३ मध्ये १०५ या खालच्या श्रेणीत तारेचे १२ स्पीड गिअर दिले, म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नव्हती.

“एवढे पैसे मोजता, मग दुरुस्तीचं काय घेऊन बसलात?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ज्यांना तो सुचतो त्यांनी सायकलीचा दुसरा मालक पाहिलेला नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून शर्यतीत उतरणारी मुलं-मुली नवी कोरी महागडी सायकल घेत नाहीत. शहरातल्या कुणीतरी दोन-तीन वर्षं वापरून विकलेली घेतात, त्यावर घाम गाळतात, त्यावर पदकं आणतात. ही बंद पेटी त्यांच्या हाती जाईल तेव्हा तिचं खास आकाराचं बेअरिंग, खास आकाराची सीटपोस्टची पाचर, खास आकाराची रिंग बाजारात नसेल. धडधाकट फ्रेम असूनही सायकल भंगारात जाईल. आटे असलेली, गोल सीटपोस्टची जुनी कार्बन फ्रेम मात्र आजही गावचा मिस्त्री उभी करून देतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. सायकलीला वेगळी जागा नाही. ती मिळाली पाहिजे. सुटे भाग किती वर्षं मिळतील हे विक्रीच्या वेळी लेखी देणं सायकल कंपन्यांवर बंधनकारक झालं पाहिजे. आयात केलेल्या सायकलीवरचं सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झालं, ते आपण निमूट भरलं. त्या बदल्यात एवढं मागणं जास्त नाही.

तोवर निर्णय आपल्या हातात आहे. नवी फ्रेम घ्यायला दुकानात जाल तेव्हा वजन विचारू नका, वॅट विचारू नका. विक्रेत्याला एवढंच विचारा: हेडसेटचं वरचं बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडावी लागते का? उत्तर “हो” आलं, तर पाकीट खिशात ठेवा आणि दुसरी फ्रेम बघा.