पोलीस ठाणे की तडजोड केंद्र?

"एवढ्या तेवढ्यावरून संसार मोडायला निघालीस काय? जा घरी, आम्ही त्याला दम देतो." मार खाऊन ठाण्याची पायरी चढलेल्या किती बायांनी हे ऐकले असेल! दम दिला जातो, बाई घरी जाते आणि ठाण्यात गेल्याची शिक्षा म्हणून त्या रात्री तिला दुप्पट मार बसतो. ठाण्याच्या कागदावर मात्र प्रकरण 'आपसात मिटले'. याला कुणी मदत म्हणतात, कुणी समुपदेशन म्हणतात. आमच्या मते हे फिर्यादीला पुन्हा मारणाऱ्याच्या ताब्यात देणे आहे, आणि तेही सरकारी पगारावर.

या विषयावर आम्हाला आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांशी रोखठोक बोलायचे आहे. ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी नोंदवून घ्यायची, हे आपल्या पोरांना सांगावे लागत नाही. कलमे तोंडपाठ आहेत, ठाण्यासमोर ठिय्या कसा द्यायचा ते माहीत आहे. खैरलांजीने ती शिकवण फार मोठी किंमत घेऊन दिली. ते हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा २६ ऑक्टोबर २००६ रोजी देशात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ लागू झाला. पहिल्या कायद्यासाठी जी धार आपण दाखवतो, ती दुसऱ्यासाठी का दिसत नाही? आमचा सवाल एवढाच आहे.

एनसी नावाची पळवाट

ठाण्यात गेलेल्या बाईच्या हातावर बहुतेक वेळा एनसीचा कागद ठेवला जातो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय दंड संहिता होती तेव्हा आकडे ठरलेले: ३२३, ५०४, ५०६. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्याच आकड्यांचे ११५(२), ३५२, ३५१ झाले. खेळ तोच राहिला. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे कागद बाईच्या हातात पडला तेव्हाच प्रकरण बासनात गेले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोचा छळ करणे हा पूर्वी कलम ४९८-अ खाली गुन्हा होता, आज तो न्याय संहितेच्या कलम ८५ खाली आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. छळ शरीराचा असो की मनाचा, कलम ८६ मधल्या व्याख्येत दोन्ही येतात. पीडित बाईने किंवा तिच्या नातेवाइकाने ठाण्यात माहिती दिली की हा गुन्हा दखलपात्र ठरतो. मग त्याची एनसी होते कशी? साधी युक्ती आहे. 'आज काय झाले' एवढेच विचारायचे आणि 'दहा वर्षे काय चालले आहे' हे जबाबात येऊच द्यायचे नाही. दहा वर्षांचा छळ एका थपडेएवढा करून टाकला की दखलपात्र गुन्हा अदखलपात्र होतो. सगळी मेख इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीची मुभा त्याच निकालात आहे, आणि ठाणी नेमकी तीच मुभा पुढे करतात. पण ती चौकशी दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढेच पाहण्यासाठी आहे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून सही घेण्यासाठी नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तर अशा चौकशीला उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. तीन-तीन महिने 'तारखा' देऊन बाईला मजुरी बुडवून चकरा मारायला लावणे कोणत्या कायद्यात बसते?

'खोट्या केसेस'चा भोंगा

यावर ठरलेले उत्तर येते: "४९८-अ चा गैरवापर होतो, सुप्रीम कोर्टानेच अटक करू नका म्हटले आहे." अर्नेश कुमार खटल्याचा २०१४ चा निकाल काय सांगतो? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, अटकेची गरज का आहे ते लेखी नोंदवा. गुन्हाच नोंदवू नका, असे त्यात कुठेही नाही. अटक आणि नोंद यांची सरमिसळ करून बाईला परत पाठवणे ही न्यायालयाच्या नावावर केलेली बनवाबनवी आहे.

आणि गैरवापराची एवढी चिंता असणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल (२०१९-२१) वाचावा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्के बायांनी कुणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के बायांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. या देशात कायदा वापरला गेला नाही, हा खरा प्रश्न आहे.

उपकार नाही, कर्तव्य

२००५ चा कायदा बाईला नवऱ्याला तुरुंगात टाकायला लावत नाही. तिला बहुतेक वेळा ते नकोही असते. तिला मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर हवे असते, पोरे जवळ हवी असतात, महिन्याचा किराणा भरायला पैसे हवे असतात. कायदा हेच देतो. कलम १७ खाली ती ज्या घरात नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर नवऱ्याच्या नावावर असो, सासऱ्याच्या असो की भाड्याचे. कलम १८ ते २२ खाली संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

यात पोलिसांचे काम काय? कलम ५ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. हिंसेची तक्रार आली किंवा घटनास्थळी पोलीस हजर असले, तर या सगळ्या आदेशांची माहिती, संरक्षण अधिकाऱ्याची माहिती, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आणि फौजदारी तक्रारीचा हक्क हे बाईला सांगणे त्यांचे कर्तव्य आहे. तिला हे सांगितले तर अधिकारी उपकार करत नाही. पण किती ठाण्यांच्या भिंतीवर हे कलम मराठीत लावलेले दिसते?

आता या कायद्यातले भोक पाहा. संरक्षण अधिकाऱ्याने वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली तर कलम ३३ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांसाठी तशी तरतूद या कायद्यात नाही. न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे, पण ज्या गुन्ह्यांसाठी ती आहे त्यांच्या यादीत कलम ८५ नाही. जुन्या १६६-अ मध्येही ४९८-अ नव्हते. म्हणजे नवऱ्याच्या छळाची फिर्याद नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला या कलमाची भीती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात मात्र कलम ४ आहे, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला त्यात शिक्षा आहे. ते कलम वापरणे अवघड असले तरी ते आहे, म्हणून ठाण्यात आपला आवाज चालतो. कलम १९९ च्या यादीत कलम ८५ घाला, ही मागणी आंबेडकरी संघटनांच्या निवेदनात आली पाहिजे.

परभणीनंतर पोलिसांकडे जायचे?

आमचे काही तरुण मित्र विचारतात: परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये काय झाले ते पाहिले ना? संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, वस्त्यांत धरपकड झाली, बायांनी मारहाणीच्या तक्रारी केल्या, सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच पोलिसांच्या हाती आपल्या वस्तीतला माणूस द्यायचा का?

हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. पोलिसांची भीती आपल्या बायांनाही आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि देशभर चळवळ उभी राहिली तेव्हा कुठे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ४९८-अ त्याच वर्षी आले. बायांचे कायदे पोलिसांच्या दयेतून आलेले नाहीत, पोलिसांच्याच विरोधात लढून आलेले आहेत.

म्हणून दोन लढे वेगळे करू नका. जे पोलीस वस्तीत दार तोडून घुसतात, तेच घरातून किंकाळी आली की 'घरचा मामला' म्हणून उंबऱ्यावर थांबतात. दोन्हीकडे आजार एकच आहे, कायद्याला उत्तरदायी नसणे. कोठडीत कुणाला हात लावायचा नाही आणि बाईची फिर्याद परत पाठवायची नाही, या दोन्ही मागण्या एका दमात करता येतात. पोलिसांच्या दंडुक्याचे कारण सांगून बाईला नवऱ्याच्या दंडुक्याखाली ठेवणे ही जातिअंताची लढाई नव्हे.

मिटवामिटवी करणारे पुढारी

दोष ठाण्यापुरता नाही. गृहविभागाने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तंटे मिटवणाऱ्या गावांना पुरस्कार ठेवले. तंटा मिटला म्हणजे न्याय झाला, हा हिशेब तिथूनच पक्का झाला. ज्या गावात तक्रार नाही ते गाव शांत! मग मार खाणारी बाई तक्रार घेऊन आली की तीच गावाच्या शांततेला गालबोट लावणारी ठरते.

हाच हिशेब आपल्या वस्तीतल्या काही पुढाऱ्यांच्या डोक्यात आहे. बाई ठाण्यात जायच्या आधीच ते तिला गाठतात: "समाजाची बदनामी होते. आपल्यातला माणूस आहे. बुद्धविहारात बसून मिटवू." २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून साजरा करायचा, व्यासपीठावरून गर्जना करायच्या, आणि २६ तारखेला त्याच वस्तीतल्या बाईला 'नवरा आहे, सांभाळून घे' म्हणायचे! बाबासाहेबांनी जाळलेले पुस्तक हे पुढारी तोंडपाठ म्हणून दाखवत आहेत.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी समाजाच्या प्रगतीचे माप बायांच्या प्रगतीवरून घेतले, आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये, असे सांगितले. त्याच परिषदेत बायांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. पुढे १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. ज्यांच्या नेत्याने बायांच्या हक्कासाठी सत्ता लाथाडली, त्यांनी एका शेजाऱ्याची नाराजी ओढवून घ्यायला घाबरावे?

काय करायचे

चांगले काम होत नाही असे नाही. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या थेट पोलीस यंत्रणेत बसल्या. हे प्रारूप पुढे राज्यभर गेले. संसार वाचवण्याआधी हिंसा थांबवायची, हा क्रम तिथे शिकवला जातो. असा कक्ष आपल्या तालुक्यात आहे का, तिथली पदे भरली आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

बाईसोबत ठाण्यात जाताना तक्रार लेखी न्या, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पहिला मार कधी बसला तिथपासून लिहा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यासाठी मेडिकल यादी मागा. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि हे लक्षात ठेवा: २००५ च्या कायद्याखाली कलम १२ चा अर्ज थेट दंडाधिकाऱ्याकडे जातो, त्याला पोलिसांची परवानगी लागत नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी असे कायदाच सांगतो. वकिलाचे पैसे नाहीत? महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे किंवा तालुका समितीचे दार ठोठवा.

आणि एक नियम प्रत्येक शाखेने लिहून ठेवावा: बायकोला मारणारा माणूस आपल्या संघटनेच्या पदावर राहणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तो कितीही मोठा झेंडा धरत असला तरी.

ठाण्याच्या दारावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' लिहिलेले असते. त्या पाटीखालून मार खाल्लेली बाई एनसीचा कागद घेऊन परत जात असेल, तर ती पाटी वाचून दाखवायला आपण तिच्यासोबत गेले पाहिजे. उद्याच.

जय भीम!