सावकारांनी लिहिलेली शेतीची पुस्तके

तंत्रज्ञानावर आधारलेल्या नवउद्योगांचे, म्हणजे ज्यांना सर्वत्र 'स्टार्टअप' म्हटले जाते त्यांचे, नेतृत्व करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी गेल्या वीस वर्षांत एक स्वतंत्र अभ्यासक्रमच तयार झाला आहे. तो कोणत्याही विद्यापीठाने मंजूर केलेला नाही, त्याची परीक्षा नाही आणि त्याचा बराचसा भाग फुकट मिळतो. पॉल ग्रॅहम यांचे निबंध, स्टीव्ह ब्लँक व एरिक रीस यांची पुस्तके, पीटर थील यांचे २०१४ सालचे 'झीरो टू वन', त्याच वर्षी आलेले बेन हॉरोविट्झ यांचे पुस्तक, रीड हॉफमन व ख्रिस ये यांचे २०१८ सालचे 'ब्लिट्झस्केलिंग', स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली झालेली आणि जगभर पाहिली गेलेली व्याख्यानमाला असा हा संच आहे. बंगळूर, हैदराबाद, पुणे, गुरुग्राम येथील हजारो अभियंते तो पाठांतराच्या निष्ठेने वाचतात. ज्ञान मूठभरांच्या तिजोरीतून बाहेर आले, लोकशाहीचा विजय झाला, असा डांगोराही त्याबरोबर पिटला जातो.

हा दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या मुलाच्या घरात कोणी कधी दुकानसुद्धा चालवलेले नाही, त्याला कंपनी म्हणजे काय, भागभांडवल म्हणजे काय, ग्राहकाशी कसे बोलावे, हे फुकट शिकायला मिळत असेल तर त्याचे मोल आहेच. प्रश्न वेगळा आहे. हे शिकवणारे कोण, आणि त्यांचे पोट कशावर चालते?

ग्रॅहम हे 'वाय कॉम्बिनेटर' या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. २००५ साली निघालेली ही संस्था नवउद्योगांत पैसे गुंतवते. २०२२ पासून ती प्रत्येक निवडलेल्या कंपनीत पाच लाख डॉलर घालते आणि त्यांपैकी सव्वा लाख डॉलरच्या बदल्यात कंपनीचा सात टक्के हिस्सा घेते. थील यांचा स्वतःचा गुंतवणूक निधी आहे. हॉरोविट्झ यांनी २००९ साली मार्क अँड्रीसन यांच्यासह असाच निधी काढला. हॉफमन हेही अशाच एका निधीचे भागीदार. ब्लँक आणि रीस मुख्यतः उद्योग उभारणारे व शिकवणारे, म्हणून त्यांची गोष्ट थोडी निराळी. तिच्याकडे पुढे येऊच. बाकी सारा गुरुवर्ग साहस-भांडवलदारांचा आहे. गावच्या सावकाराने उद्या फुकट शेतीशाळा काढली, तर तो नांगरणीचे चार चांगले धडे शिकवीलही. पण कोणते पीक घ्यावे आणि कर्ज किती काढावे, हे तो आपल्या वहीकडे पाहूनच सांगेल.

वहीतला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. साहस-भांडवलाचा निधी एका वेळी अनेक कंपन्यांत पैसे लावतो. त्यांपैकी बहुसंख्य बुडतील, काही कशाबशा तगतील आणि एखादी इतकी फुगेल की बाकी सगळ्यांचे नुकसान भरून काढून वर घबाड देईल, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. थील यांनी आपल्या पुस्तकात हे गणित लपवलेले नाही, उलट अभिमानाने मांडले आहे. ज्या कंपनीला दरसाल वाजवी नफा होतो, जी शंभर माणसांना नियमित पगार देते आणि ग्राहकाला उपयोगी पडते, ती या हिशेबात जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तिच्याने इतर नऊ जणींचा खड्डा भरून निघत नाही. म्हणून सल्ला एकच असतो : वाढा, आणि वेगाने वाढा. ग्रॅहम यांनी २०१२ सालच्या निबंधात आठवड्याला पाच ते सात टक्के वाढ हे चांगल्या नवउद्योगाचे माप ठरवले. वरवर हा आकडा किरकोळ भासतो. चक्रवाढीने मांडला की वर्षअखेर धंदा पाच टक्क्यांनी साडेबारा पट आणि सात टक्क्यांनी तेहतीस पटींहून अधिक व्हायला हवा, असा त्याचा अर्थ निघतो. हॉफमन यांचे पुस्तक याही पुढे जाते. अनिश्चिततेच्या काळात काटकसरीपेक्षा वेगाला अग्रमान द्यावा, हेच त्याचे सूत्र.

निधीच्या दृष्टीने हा सल्ला बिनचूक आहे. दहांपैकी नऊ बुडाल्या तरी त्याचे काही अडत नाही. पण संस्थापकापाशी दहा कंपन्या नसतात, एकच असते. आणि तिथे काम करणाऱ्याजवळ तर एकच पगार असतो. धोका सगळ्यांनी मिळून पत्करला, ही या साहित्यातील सर्वांत मोठी धूळफेक होय. कंपनी पडत्या भावात विकली गेली तर गुंतवणूकदाराला आपले पैसे आधी उचलण्याचा हक्क करारानेच मिळालेला असतो. पगार कमी घेऊन समभागांच्या आशेवर राबलेला कर्मचारी रांगेत शेवटी उभा असतो. ब्रॅड फेल्ड आणि जेसन मेंडेलसन यांच्या २०११ सालच्या पुस्तकात हे करार कलमाकलमाने उलगडून दाखवले आहेत. लेखक स्वतः गुंतवणूकदार असूनही हे पुस्तक प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेही लिहिले आहे संस्थापकासाठी. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसासाठी या संपूर्ण ग्रंथालयात एक पुस्तिकाही नाही.

आता ब्लँक आणि रीस यांच्याविषयी. ग्राहकाची गरज कचेरीत बसून कल्पू नका, बाहेर पडून माणसांशी बोला, हे ब्लँक यांनी शिकवले. ते खरे आहे आणि आपल्याकडच्या कित्येक सरकारी योजनाकारांनीही ते वाचावे. रीस यांनी २०११ साली 'द लीन स्टार्टअप'मध्ये त्याला पद्धतीचे रूप दिले : कमीत कमी खर्चात कच्चा नमुना करा, तो लोकांपुढे ठेवा, मोजा, सुधारा. या विचाराचे मूळ त्यांनी स्वतःच जपानच्या टोयोटा कारखान्यातील उत्पादनपद्धतीत दाखवले आहे. टोयोटाच्या पट्ट्यावरचा साधा कामगारही दोष दिसताच दोरी ओढून उत्पादन थांबवू शकतो, याचाही उल्लेख ते करतात. उल्लेख राहून गेला आहे तो १९५० सालचा. त्या वर्षी टोयोटात मोठा संप झाला, सुमारे दोन हजार कामगारांना बाहेर पडावे लागले आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनाही अध्यक्षपद सोडावे लागले. त्या संघर्षानंतर कायम कामगारांना नोकरीची जी शाश्वती मिळाली, तिच्या पायावर ती पद्धत उभी राहिली. ज्याला उद्या कामावरून काढले जाण्याचे भय आहे तो दोरी ओढत नाही, मान खाली घालून दोष पुढे ढकलतो. (टोयोटा काही कामगारांचा स्वर्ग नव्हे. तेथे हंगामी कामगार म्हणून राबलेल्या सातोशी कामाता यांनी १९७३ साली जे लिहिले ते वाचल्यावर असा भ्रम उरत नाही.) पण निदान कायम कामगारांपुरती तेथे एक तडजोड झाली होती. कॅलिफोर्नियाने टोयोटाकडून काटकसर उचलली आणि तडजोड तिथेच ठेवली.

हॉरोविट्झ यांच्या पुस्तकात कामगारकपात कशी करावी यावर स्वतंत्र विवेचन आहे. ती उशिरा करू नये, प्रमुखाने तोंड लपवू नये, माणूस ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच अधिकाऱ्याने त्याला समोरासमोर सांगावे, असे त्यात आहे. क्रूर व्यवस्थापकापेक्षा हा सभ्यपणा बरा, यात शंका नाही. तथापि सगळी कथा संस्थापकाच्या मनोयातनांची आहे. ज्याची नोकरी जाते तो त्याच्या धैर्याची परीक्षा पाहणारा प्रसंग म्हणून येतो आणि निघून जातो. त्याचा घरभाड्याचा प्रश्न, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याची ग्रॅच्युइटी, संघटना करण्याचा त्याचा हक्क यांना या अभ्यासक्रमात स्थान नाही.

स्थान नसलेल्या गोष्टी व्यवहारात अडथळा मानल्या जातात. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा करून ॲपवर चालणाऱ्या कामगारांना कर्मचाऱ्यांचे हक्क देण्याचा मार्ग मोकळा केला. टॅक्सी आणि घरपोच सेवेच्या कंपन्यांनी एकत्र येऊन वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारात ओतली आणि नोव्हेंबर २०२० च्या जनमतात आपल्या चालकांना त्या कायद्यातून वगळून घेतले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले, ते कंपनीचा अखेरपर्यंतचा विरोध मोडून.

आपल्या देशात तर सरकारच या शाळेचे विद्यार्थी झाले. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'स्टार्टअप इंडिया' कृती-आराखड्यात नवउद्योगांनी कामगार कायद्यांचे पालन केल्याचे स्वतःच लिहून द्यावे आणि तीन वर्षे त्यांची तपासणी होऊ नये, अशी तरतूद होती. चोराने स्वतःच पंचनामा लिहावा, असा हा प्रकार! नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांवरील स्थायी आदेशांचे बंधनच काढून टाकले. बहुतेक नवउद्योग त्या संख्येच्या आतच असतात. त्याच संहितांत ॲपवर काम करणाऱ्यांची प्रथमच व्याख्या झाली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असे ठरले, हे नाकारण्याचे कारण नाही; पण कामगार म्हणून संपूर्ण दर्जा त्यांना त्यातूनही मिळाला नाही.

या अभ्यासक्रमातील दुसरे मौन राज्यसंस्थेविषयीचे. त्यातील नायक गॅरेजमधून निघतो आणि एकटाच जग बदलतो. इंटरनेटचा पाया घालणारे अर्पानेट १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभे राहिले. गूगलचे मूळ संशोधन ज्या स्टॅनफर्डमधील ग्रंथालय-प्रकल्पात झाले त्याला तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अनुदान होते. मारियाना माझुकातो यांनी २०१३ साली हा सारा पट मांडला, तरी संस्थापकांच्या वाचनयाद्यांत त्या क्वचितच दिसतात. आपल्याकडेही पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने निघाली आणि पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम' महासंगणक उभा केला, तो जनतेच्या पैशावर. शासनाने बाजूला राहावे असे शिकवणारे हेच गुरुजन मार्च २०२३ मध्ये काय करीत होते? सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्चला कोसळली. तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते, आणि त्या ठेवी मुख्यतः याच कंपन्यांच्या व निधींच्या होत्या. दोन दिवस या मंडळींपैकी अनेकांनी सरकारच्या नावाने टाहो फोडला आणि १२ मार्चला सरकारने सर्व ठेवींची हमी घेतली. धोका पत्करण्याचे धडे तेवढ्यापुरते मिटून ठेवण्यात आले.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, पाच माणसांच्या उद्योगावर कायद्यांचे ओझे टाकले तर तो जन्मतःच मरेल. लहान उद्योगाची अडचण खरी आहे. तिचा उपाय हिशेबनिसाची मदत, स्वस्त कर्ज, सरकारी खरेदीत वाटा अशा मार्गांनी जनतेच्या निधीतून करता येतो. तो कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतून करण्याचे कारण नाही. आणि साहस-भांडवलाचा मार्ग हाच एकमेव, हेही खोटे आहे. केरळमधील ऊरालुंगल श्रमिक सहकारी संस्था १९२५ साली रस्ते-बांधकाम करणाऱ्या मजुरांनी काढली. तिने कोळिकोडे येथे सायबरपार्क उभे केले, माहिती तंत्रज्ञानाची कंपनीही काढली, आणि संस्थेची मालकी कामगार-सभासदांकडेच राहिली. ती शंभर वर्षे कशी टिकली, नफा कसा वाटला, नवे तंत्र कसे स्वीकारले, याचा अभ्यास बंगळूरच्या एखाद्या तरुण संस्थापकाला थील यांच्या मक्तेदारीस्तोत्रापेक्षा अधिक उपयोगी पडेल. पण त्याच्या हाती ते पुस्तक देतो कोण?

देण्याची जबाबदारी सरकारवर येते, कारण पैसा सरकारचा आहे. २०१६ च्या आराखड्यात दहा हजार कोटी रुपयांचा निधी सिडबीमार्फत ठेवला गेला. तो नवउद्योगांना थेट न मिळता खाजगी गुंतवणूक-निधींच्या हाती जातो आणि तेथून पुढे वाटला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी दहा हजार कोटींची घोषणा झाली. सरकारी विद्यापीठांत आणि आयआयटींत चालणारी नवउद्योग-केंद्रेही सार्वजनिक आहेत. तेथील अभ्यासक्रमात कामगार कायदा, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, कर्मचाऱ्यांच्या समभागांचे करार आणि सहकारी मालकी हे विषय सक्तीचे करावेत आणि ते शिकवायला कामगार संघटनांचे कार्यकर्ते व श्रम न्यायालयांत काम केलेले वकील बोलवावेत, ही मागणी संसदेत आणि प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत आज करता येण्याजोगी आहे. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कंपनीची तपासणी पहिल्या वर्षापासून व्हावी, ही मागणी तिच्याच जोडीने पुढे आली पाहिजे.