वास झाकू नका, तेल काढा!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. कपड्यांना येणाऱ्या फोडणीच्या वासावरून. विषय क्षुल्लक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

हल्ली कोणाच्याही घरी गेलं की न्हाणीत साबणाशेजारी सुगंधी पाण्याची बाटली दिसते. "स्वयंपाकाचा वास जात नाही हो, म्हणून घालते थोडं." अहो, पण त्यानं वास जातो कुठे? आंघोळ न करता अत्तर फासण्यातलाच हा प्रकार. इस्त्री फिरवली किंवा अंगाला घाम आला, की मोगऱ्याच्या खालून कालची भजी डोकावतातच!

कारण साधं आहे. हा वास म्हणजे तेल. तळताना, फोडणी देताना तेलाचे बारीक कण वाफेबरोबर उडतात आणि कपड्यावर बसतात. तिथे हवा लागून ते खवट होतात. त्यातून कापड टेरिकॉटचं असेल तर विचारूच नका. त्यातला पॉलिएस्टरचा धागा तेल धरून ठेवतो, सुती त्या मानानं लवकर सोडतो. सुगंधी पाणी यातलं काहीच काढत नाही, उलट स्वतःचा एक थर धाग्यावर चढवतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलं नाही, एका मुलीनं शिकवलं. माझ्या वर्गात होती. तिची आई रस्त्यावर भज्यांचा गाडा लावायची. पोरं तिला 'भजी' म्हणून चिडवायची, बाकावर शेजारी बसायची नाहीत. आणि मी काय करावं? मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळ, कपडे धुऊन येत जा."

ती खाली मान घालून म्हणाली, "रोज धुते, बाई."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. एकच खोली. चुलीवर कढई आणि कढईच्या बरोबर वर, खुंटीवर, धुतलेला गणवेश. बोअरचं जड पाणी, त्यात साबणाला फेस नाही. तेही थंड. पोर रोज घासून घासून बोटं सोलून घेत होती आणि मी तिला स्वच्छता शिकवायला निघाले होते! ती लाज तिची नव्हती, माझी होती. आजही आठवलं की घशाशी येतं.

आम्ही केलं ते इतकंच. गणवेश झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, शाळेत निघताना काढायचा. बादलीभर चांगल्या गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे!) विरघळवून अर्धा तास भिजवायचा, मग साबण लावायचा. सोड्यानं जड पाणी मऊ होतं, तेल सुटायला मदत होते, साबणाला फेस येतो. दोनदा खळबळायचं आणि चुलीपासून लांब, उन्हात, उलटं करून वाळत घालायचं. पहिल्या धुण्यात वास उरला तर इस्त्री न करता पुन्हा भिजवायचं. पंधरवड्यात फरक पडला. (रेशीम आणि लोकर मात्र सोड्यात घालू नका, धागा खराब होतो. त्यांना रिठ्याचं कोमट पाणी बरं. आणि सोड्यानं हात सोलतात, काठीनं ढवळा.)

पण माझं खरं भांडण पुढेच आहे. जे तेल पदरावर बसतं, तेच श्वासावाटे छातीतही जातं. फार तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर माणसाला बहुधा कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० साली नोंदवलं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर मिळाले, लाकडाचा धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण तेलाचा धूर शेगडीतून येत नाही, कढईतून येतो. त्याला बाहेर जायला वाट लागते. आमच्या डोंगरकड्यात आता स्लॅबची घरं झाली. हॉलला मोठ्या खिडक्या, दाराला नक्षी. स्वयंपाकघराला? हातभर झरोका, तोही उंदीर येतो म्हणून पुठ्ठा लावून बंद! घर बांधताना जी तिथे दिवसभर उभी राहणार, तिला कोणी विचारतच नाही.

आणि मग तिच्याच पदराला वास येतो म्हणून नाकं मुरडायची! आईच्या पदराच्या वासावर आपण हळवे लेख लिहितो (मीही लिहिला आहे). तोच वास बायकोच्या, सुनेच्या पदराला आला की तिला बाटली आणून देतो. हे ढोंग नाही तर काय?

माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, तुम्ही हे वाचता म्हणून सांगते. पुढच्या वेळी सुगंधी पाण्याची बाटली घेण्याआधी ते पैसे बाजूला टाका. साठले की स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा एक पंखा बसवा. तोवर झरोक्याचा पुठ्ठा तरी काढा. उंदरासाठी जाळी मिळते.

असो. म्हातारीचा आवाज जरा चढला. पण त्या पोरीच्या सोललेल्या बोटांचं माझ्यावर देणं आहे.