बालविचर्चिका आणि 'दूध बंद'चा सल्ला

पथ्य पाळले तर औषधाचे काम उरत नाही आणि पथ्य मोडले तर औषध निष्फळ ठरते, हे वैद्यजीवनकार लोलिंबराजांचे मत आपण रुग्णांना नेहमी सांगतो. लोलिंबराज जुन्नरचे मानले जातात. त्याच जुन्नर-आंबेगाव परिसरात आज बालकांच्या विचर्चिकेत 'दूध बंद' हा सरसकट सल्ला पथ्य म्हणून दिला जातो, ही खेदाची बाब आहे.

चरकाचार्यांनी कुष्ठाच्या अपथ्यात दूध-दही सांगितले आहे, हे खरे. परंतु वय, अग्नी व सात्म्य न पाहता तो नियम लावणे शास्त्रसंमत नाही. सुश्रुतसंहितेने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे भेद केले, ते याचसाठी. स्तनपान तर विचर्चिकेसाठी कधीच तोडू नये.

प्रथम विरुद्ध संयोग थांबवावेत: दुधात आंबट फळे, दूध-मासे, शिकरण. जेवणाऐवजी चहा-बिस्किटे व बाटलीबंद शीतपेये देण्याची सवय मोडावी. त्यांनी भूक मरते आणि पोषण घटते. टोमॅटोच्या हंगामात ओठांभोवती येणारी लाली पुष्कळदा आंबट रसाच्या स्पर्शाने येते. प्रत्येक वेळी तिला ॲलर्जी समजू नये.

दुधाचा संशय सबळ असेल, तरच ते सुमारे चार आठवडे वगळून पुन्हा द्यावे व दोन्ही वेळच्या त्वचेची नोंद ठेवावी. मात्र दूध पिताच गांधी, उलटी किंवा धाप लागत असेल, तर घरी पुन्हा प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. दीर्घकाळ वगळलेला पदार्थ पुन्हा देताना तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या अर्भकांवर लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर शेंगदाणा दिलेल्या मुलांत त्याची ॲलर्जी कमी आढळली. सारांश, वगळणे हे नेहमीच निर्धोक नसते.

भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर मुलाच्या ताटातून दूध काढले, तर त्या जागी काय ठेवायचे, हेही वैद्यानेच सांगितले पाहिजे. नाचणी, डाळी, पालेभाज्या यांचे प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्यावे. औषध विक्रेत्या मित्रांनीही मलमाबरोबर तोंडी 'दूध बंद' सांगू नये. निदानपरिवर्जन म्हणजे हेतू ओळखून तो टाळणे होय. हेतू न ओळखता घातलेल्या बंदीने रोग राहतो आणि बालक मात्र कृश होते.