छताच्या पोकळीतील ठेकेदारी

घर उन्हाळ्यात तापू नये आणि थंडीत गारठू नये यासाठी छतात व भिंतींत उष्णतारोधक आवरण बसवावे, असा सल्ला आता जगभर दिला जातो आणि तो रास्तच आहे. त्यामुळे विजेची बचत होते, बिल उतरते, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले उष्म्यापासून वाचतात. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापासून : हे काम करावयाचे कोणी? सरकारी पत्रके, ग्राहक-मार्गदर्शिका आणि कर्ज देणाऱ्या बँका यांचे उत्तर एकच असते. गावातला एखादा विश्वासू ठेकेदार गाठावा, तीन ठिकाणचे दर मागवावेत, परवाना पाहावा, हमीपत्र घ्यावे आणि निश्चिंत व्हावे. या उत्तरात घरमालक आहे, ठेकेदार आहे, दर आहे आणि हमीही आहे. पण छताच्या अंधाऱ्या पोकळीत पोटावर सरपटत जाऊन जो हे आवरण अंथरतो, त्या मजुराचा त्यात उल्लेखदेखील नाही. हा उल्लेख राहून गेला तर काय होते, याचा हिशेब ऑस्ट्रेलियाने २००९-१० साली चार तरुण जिवांच्या मोलाने केला आहे. तो हिशेब भारतातील समाजवाद्यांनीही नीट वाचावयास हवा, कारण त्यावरून उजव्या मंडळींनी काढलेला निष्कर्ष साफ खोटा आहे.

२००८ साली अमेरिकेतील वित्तसंस्थांनी केलेल्या जुगाराचे परिणाम जगाला भोगावे लागले. ऑस्ट्रेलियात मंदी येऊ नये म्हणून केविन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये ४२ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. शाळांच्या इमारती, स्वस्त घरे, रोख साहाय्य असे तिचे अनेक भाग होते. त्यातच घरांच्या छतांना फुकट किंवा जवळजवळ फुकट उष्णतारोधक आवरण बसवून देण्याचा कार्यक्रम होता. २०११च्या अखेरीपर्यंत सुमारे २२ लाख घरे आच्छादावयाची होती. हेतू उत्तम होता. लोकांच्या हाताला काम मिळेल, घरे निवतील, कोळशावर निर्माण होणारी वीज वाचेल, असा हा तिहेरी लाभ होता. एका मजूर पक्षाने मंदीत सार्वजनिक पैसा ओतावा, यात कोणत्याही समाजवाद्याला आक्षेप असण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो पैसा ज्या नळीतून ओतला गेला तिला. या कार्यक्रमापूर्वी त्या देशात असे काम करणाऱ्या पेढ्या दोन-अडीचशेच्या आसपास होत्या आणि त्यांच्या हातून वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास घरे होत असत. तेथे आता दरमहा लाखाच्या घरात कामे उरकावयाची होती. यासाठी सरकारने स्वतः एकही माणूस नेमला नाही, एकही पथक उभे केले नाही, एकही प्रशिक्षणशाळा आधी काढली नाही. नोंदणीचे दार तेवढे उघडे ठेवले आणि पाहता पाहता दहा हजारांवर पेढ्या त्यातून आत शिरल्या. काल जो गालिचे विकत होता किंवा घराघरांतून फोन करून काहीबाही खपवीत होता, तो आज छताचा तज्ज्ञ झाला. बाजारात मागणी उत्पन्न झाली की कौशल्य आपोआप उगवते, हा भांडवली अर्थशास्त्राचा लाडका सिद्धांत आहे. छताच्या पोकळीत मात्र तो उगवला नाही.

१ जुलै २००९ पासून तर व्यवस्था अधिकच सुटसुटीत झाली, म्हणजे ठेकेदारासाठी सुटसुटीत! त्यापूर्वी घरमालकाने पैसे भरावयाचे आणि मागाहून परतावा मागावयाचा, अशी रीत होती. त्यामुळे निदान त्याचे कामाकडे लक्ष तरी असे. आता घरामागे १६०० डॉलरपर्यंतची रक्कम सरकार थेट ठेकेदाराच्या खात्यावर जमा करू लागले. घरमालकाने सही करावयाची एवढेच उरले. ज्याच्या खिशातून पैसा जात नाही तो काम कशाला तपासील? आणि ज्याला घरामागे ठरलेली रक्कम मिळते तो त्या रकमेतून जास्तीत जास्त वाचविणार, हे कळण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. माल स्वस्तातला घ्यावा, एका दिवसात शक्य तेवढी घरे उरकावीत, काम पोटठेकेदाराकडे द्यावे आणि पोटठेकेदाराने ते एखाद्या बेकार पोराकडे द्यावे, अशी उतरंड तयार झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये अनुदान १२०० डॉलरवर आणले गेले. त्याचा भार उतरंडीच्या तळाशी कोणावर गेला असेल हे सांगावयास नको.

प्रशिक्षणाचे काय झाले, हा या प्रकरणाचा गाभा आहे. आवरण बसविणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण असावे, असा विचार प्रारंभी होता. पण त्यामुळे कामाची गती मंदावेल आणि रोजगार वेळेत निर्माण होणार नाहीत, या कारणाने तो शिथिल झाला. देखरेख करणारा शिकलेला असला की पुरे, असे ठरले. हा देखरेख करणारा छतात प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, असे बंधन मात्र नव्हते. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये २००७ साली अशाच कामात तीन मजूर विजेच्या धक्क्याने मेले होते. म्हणजे धोका नवा नव्हता. तो माहीत करून घेणे शक्य होते आणि ते टाळले गेले.

धोका कसला, हे समजून घेतले पाहिजे. क्वीन्सलँडसारख्या उष्ण प्रांतात ॲल्युमिनियमच्या चकाकत्या फॉइलचे आवरण वापरीत. ते हलके, स्वस्त आणि अंथरावयास सोपे. छताखालच्या लाकडी वाशांवर ते पसरावयाचे आणि धातूच्या पिना ठोकून पक्के करावयाचे. त्याच वाशांवरून घराच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात. फॉइलखाली झाकलेली तार दिसत नाही. एक पीन तारेत घुसली की ती संपूर्ण चादर विद्युतभारित होते आणि मजूर त्याच चादरीवर घामाने भिजून ओणवा झालेला असतो. काम सुरू करण्यापूर्वी घराचा मुख्य खटका बंद करणे, धातूऐवजी प्लॅस्टिकच्या पिना वापरणे, हे उपाय शाळकरी मुलालाही समजावेत. पण ते सांगण्यासाठी कोणीतरी तेथे असावे लागते आणि ते सांगण्यात जाणारी पंधरा मिनिटे कोणाच्या तरी नफ्यातून वजा व्हावी लागतात.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी क्वीन्सलँडमध्ये पंचवीस वर्षांचा एक तरुण फॉइल ठोकताना मेला. सरकारने १ नोव्हेंबरपासून धातूच्या पिनांवर बंदी घातली. १८ नोव्हेंबरला त्याच प्रांतात सोळा वर्षांचा एक मुलगा विजेच्या धक्क्याने गेला. तीनच दिवसांनी सिडनीत एकोणीस वर्षांचा तिसरा मजूर छतातील उष्म्याने मेला. घर थंड राहावे म्हणून राबणाऱ्याचा अंत उष्म्याने व्हावा, यावर टीका-टिप्पणी काय करावयाची! ४ फेब्रुवारी २०१० रोजी उत्तर क्वीन्सलँडमध्ये बावीस वर्षांचा चौथा तरुण पुन्हा फॉइलच्याच कामात मेला. म्हणजे पिनांवरील बंदी कागदावर तीन महिने नांदत होती. त्यानंतर फॉइल बंद झाले आणि १९ फेब्रुवारीला सारा कार्यक्रमच गुंडाळण्यात आला. तोवर सुमारे ११ लाख घरे आच्छादली गेली होती. दोनशेहून अधिक घरांत आगीच्या घटना नोंदविल्या गेल्या आणि फॉइल घातलेली पन्नास हजारांच्या आसपास घरे पुन्हा तपासावी लागली. तो खर्चही अर्थातच सार्वजनिक तिजोरीतून झाला.

पुढे टोनी ॲबट यांच्या उजव्या सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये इयन हँगर यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१४ साली आला. कार्यक्रमाची आखणी व अंमलबजावणी नीट झाली असती तर हे मृत्यू घडले नसते, असा त्याचा निर्वाळा आहे आणि मजूर सरकारच्या मंत्र्यांवर व नोकरशाहीवर त्याने ओढलेले ताशेरे यथार्थ आहेत. मजूर पक्ष नाव धारण केलेल्या सरकारला मजुराचाच विसर पडावा, ही गोष्ट अक्षम्य आहे. तिची सफाई कोणत्याही समाजवाद्याने देऊ नये. पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट हे राजकारणात येण्यापूर्वी कष्टकरी आणि आदिवासी यांच्या बाजूने गाणारे लोकप्रिय गायक होते. त्यांच्याच खात्यात हे घडले, यावरून सद्भावना आणि व्यवस्था यांतले अंतर लक्षात यावे.

परंतु उजव्या मंडळींनी याच अहवालाचा झेंडा करून सांगितले काय? तर सरकारने असल्या भानगडीत पडू नये, खर्च करू नये, सारे खाजगी क्षेत्रावर सोपवावे! जणू काही छतात शिरलेली ती दहा हजार दुकाने सरकारी होती! मेलेल्यांपैकी एकही जण सरकारी नोकर नव्हता. प्रत्येक जण खाजगी मालकाकडे, खाजगी नफ्यासाठी, खाजगी दराने राबत होता. सरकारी होता तो फक्त पैसा. सरकारने काम स्वतः केले म्हणून हे बळी गेलेले नाहीत. काम स्वतः न करता त्याचे बिल तेवढे चुकते केले, म्हणून ते गेले. धंदा बुडालेल्या जुन्या कंपन्यांना भरपाई देण्याचा विचार व्हावा, असेही आयोगाने सुचविले होते. भांडवल कधी निराधार राहत नाही, एवढे त्यावरून दिसते.

ही केवळ एका सरकारची घाई होती असे मानणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे वीज कंपन्यांमार्फत गरिबांच्या घरांच्या भिंतींना आवरण घालण्याची योजना चालली. पंधरा वर्षांपूर्वीचा ऑस्ट्रेलियाचा धडा हाताशी होता, प्रमाणपत्रे होती, गुणवत्तेचे शिक्के होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जाहीर केले की, बाहेरच्या भिंतींवर केलेल्या कामांपैकी ९८ टक्के कामांत दुरुस्ती करावी लागेल असे गंभीर दोष आहेत. शंभरातली दोन घरे धड! भिंतींत ओल धरली, बुरशी आली आणि ज्या गरिबांना ऊब द्यावयाची त्यांच्या घरांत रोगट दमटपणा शिरला. कारणांत पहिलेच कारण कोणते? काम पोटठेक्याने अशा लोकांकडे गेले की ज्यांच्याकडे ना कौशल्य होते ना प्रमाणपत्र. आता यात बिचाऱ्या घरमालकाने तीन ठिकाणचे दर मागवून काय साधणार? भिंत बंद झाल्यावर आत काय भरले आहे, हे त्याला दिसतच नाही. ग्राहकाच्या सावधपणावर विसंबून राहणारी ही सारी व्यवस्था मुळातच अप्रामाणिक आहे.

याच ब्रिटनमध्ये एकेकाळी दुसरी वाट होती. ठेकेदारांच्या टोळीबाजीला शह देण्यासाठी लंडन काउंटी कौन्सिलने १८९०च्या दशकात स्वतःचे बांधकाम खाते उघडले. पुढे असंख्य नगरपालिकांकडे पगारी गवंडी, सुतार, वीजतंत्री यांची कायम पथके होती आणि त्यांच्याकडे उमेदवार मुले काम शिकत. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८०च्या कायद्याने या पथकांना ठेकेदारांशी निविदेची स्पर्धा करावयास आणि ठरावीक नफा दाखवावयास भाग पाडले. आज कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून तेथे जी ओरड चालते, तिचे एक मूळ येथे आहे.

महाराष्ट्राला तर ही वाट परकी नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. या योजनेचे एक मूलतत्त्व असे की कामावर ठेकेदार नसेल. २००५च्या केंद्रीय कायद्यातही हे तत्त्व उतरले. योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली, खोटे हजेरीपट भरले गेले, हे सारे खरे आहे. पण हजेरीपट खोटा ठरविता येत होता, कारण तो होता. मोर्चे काढून, चौकश्या लावून लोकांनी तो अनेकदा खोटा ठरविलाही. ठेकेदाराच्या कामावर खोटा ठरविण्यासाठीसुद्धा हजेरीपट सापडत नाही.

आणि कायदा चालला आहे कोणत्या दिशेने? १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीस कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने ती पन्नासांवर नेली. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने दहा लाख रुपयांपर्यंतचे स्वतःच्या राहत्या घराचे काम वगळले होते. आता पन्नास लाखांपर्यंतचे काम वगळले आहे. दहापेक्षा कमी मजूर असलेले बांधकाम तर पूर्वीही बाहेर होते आणि आजही आहे. घराच्या छताला आवरण घालण्यासाठी दहा मजूर कधी लागतात काय? दोन माणसे आणि एक शिडी पुरते. म्हणजे या कामावरचा मजूर कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

वाढत्या उन्हाळ्याबरोबर विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याची घरे आणि मुंबई-पुण्यातील झोपड्या थंड करण्याच्या योजना निघणार, हे उघड आहे. निघाव्यातही. पत्र्याखाली लावावयाचे चकाकते फॉइल इथल्या बाजारात केव्हाच आले आहे. पत्र्याखालून लोंबणाऱ्या उघड्या तारा तर कधीपासूनच आहेत. म्हणून अनुदानाची पहिली घोषणा होण्यापूर्वीच नगरपालिका आणि जिल्हा परिषदांकडून काही गोष्टी वदवून घेतल्या पाहिजेत. काम पगारी, प्रशिक्षित स्थानिक पथकांकडून व्हावे. प्रत्येक पथकात वीजतंत्री असावा. खटका बंद केल्याची नोंद झाल्याशिवाय कोणी छतावर चढू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे काम बंद असावे. रक्कम घरागणिक न देता मजुरी रोजावर द्यावी आणि हजेरीपट ग्रामसभेत किंवा वस्तीत वाचून दाखवावा. कामगार संघटनांनी हा मसुदा आताच पुढे केला नाही, तर निविदेचा मसुदा तयार करणारे त्यांच्यासाठी थांबणार नाहीत.