सोलकढी आणि विरुद्धाहार

मालवणी खाणावळीत सुरमईसोबत सोलकढी आली की रुग्णाला शंका येते, मासे आणि दूध हा विरुद्धाहार नव्हे काय? आपल्यातील काही वैद्य तिचा सरसकट निषेध करतात. तो आम्हांस मान्य नाही. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात मत्स्यासह वर्ज्य सांगितले ते प्राणिज दूध. नारळाचा रस निव्वळ पांढरा असल्याने दूध ठरत नाही. शिवाय त्यातील कोकम, म्हणजे आपले वृक्षाम्ल, दीपन करणारे. कोकणवासीयांस तर हे देशसात्म्यच. मात्र दाटपणासाठी गाईचे दूध घातले असेल तर निषेध लागू होतो, तेव्हा वाढप्याला विचारण्यास रुग्णाला अवश्य सांगावे. औषधविक्रेत्यांनीही मधुमेही ग्राहकास सोलकढीसाठी खारे आगळ द्यावे (रक्तदाब असल्यास तेही बेतानेच), साखरेच्या पाकातले अमृतकोकम नव्हे.